पाचव्या मजल्याचा भाव

टीव्हीवरचा तो माणूस रोज संध्याकाळी ओरडायचा. "वीट घ्या, वीट! पाऊंड आज आहे, उद्या नाही, वीट कुठे पळून जात नाही!" असं म्हणत टेबलावर थाडथाड हात आपटायचा. मागे पडद्यावर कैरोच्या नव्या वस्त्यांतले काचेचे मनोरे, हिरवळ, कारंजी. फिक्री हे सगळं मुकाट्यानं बघायचा, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. बाल्कनीत गेलं की खाली नाईल दिसायची, बंदरात लागलेल्या बोटी दिसायच्या, पण बाल्कनीपर्यंत जायलाही हल्ली त्याला बायकोचा, इन्शिराहचा, खांदा लागायचा.

फिक्रीचं सगळं आयुष्य रशीद गावच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं. बोटीच्या पोटात, ओल्यात, तेलात, गुडघ्यांवर बसून. ते गुडघे शेवटी कामातून गेले. मग छातीनं कुरकुर सुरू केली आणि डॉक्टरनं सांगितलं, जिने चढायचे नाहीत. सांगायला त्याचं काय जातंय! घर पाचव्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही, आणि पायऱ्या अशा उंच की बांधणाऱ्यानं कुणाचा सूड उगवलाय असं वाटावं. गेल्या ईदला फिक्री नमाजासाठी म्हणून खाली उतरला, तो शेवटचा. वर येताना तिसऱ्या मजल्यावर असा काही मटकन बसला की शेजाऱ्यांना वाटलं, गेला म्हातारा. तेव्हापासून कॉफीहाऊस सुटलं, मशीद सुटली, बंदर सुटलं. भाजीपाला, औषधं, भाकऱ्या सगळं इन्शिराह दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर ओढून घ्यायची. टोपलीत माणूस मावत नाही, एवढीच काय ती अडचण.

त्याला आता एकच गोष्ट हवी होती. हे घर विकायचं आणि तळमजल्यावर राहायला जायचं. दार उघडलं की समोर गल्ली, उंबऱ्यात खुर्ची, येणाराजाणारा सलाम करतोय. बस्स. मरण यायचं तेव्हा येऊ दे, पण जमिनीवर येऊ दे, असं तो म्हणायचा, आणि इन्शिराह त्याच्या तोंडावर हात ठेवायची.

तसं घर होतंही, अगदी समोरच्या इमारतीत, तळमजल्यावर. दौलत नावाची विधवा शेजारीण तिथे राहायची. तिला आपल्या मुलीकडे अलेक्झांड्रियाला कायमचं जायचं होतं. दोन खोल्या, पुढे छोटं अंगण. "फिक्रीभाऊ, तुमचं विकलं जाईपर्यंत मी थांबते," असं ती स्वतः वर येऊन सांगून गेली होती. "पण फार थांबवू नका हं, मुलगी रोज फोनवर भांडते."

घोडं अडलं होतं ते गिऱ्हाइकापाशी. बोराई नावाचा दलाल होता. तो थापाड्या म्हणून अख्ख्या रशीदमध्ये प्रसिद्ध. ज्या घरात ओल असेल त्याला तो 'गारवा' म्हणायचा. पण एके दिवशी हा बोराई धापा टाकत वर आला आणि पाण्याचा पेला रिकामा केल्यावर म्हणाला, "काका, नशीब उघडलं तुमचं. अतीया विचारतोय."

अतीयाला कोण ओळखत नव्हतं! दोन बोटींचा मालक. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि मुलगी समोरच्याच इमारतीतली, चौथ्या मजल्यावरची. मुलीच्या आईनं अट घातली होती: माझी लेक माझ्या हाकेच्या अंतरावर राहिली पाहिजे. खिडकीतून हाक मारली की तिचं 'ओ' ऐकू आलं पाहिजे, नाहीतर लग्न नाही. झालं! गावभर घरं रिकामी पडली होती. बंदराच्या त्या बाजूला तर नवी कोरी इमारत भुतासारखी उभी होती. पण अतीयाला घर हवं ते याच गल्लीत.

"म्हणून तो एवढा भाव देतोय," बोराई आवाज खाली आणून म्हणाला. "हा भाव तुमच्या घराचा नाही हो काका. पाचवा मजला, लिफ्ट नाही, कोण विचारतंय? हा भाव त्या बाईच्या हट्टाचा आहे. हट्ट उतरायच्या आत उरकून टाका."

"आणि तुझी दलाली?" इन्शिराहनं विचारलं.

"ती तर मी काकांच्या दुव्यातच धरतो," बोराई म्हणाला, आणि दोघंही हसली, कारण बोराईनं कुणाला फुकट रस्ताही दाखवल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

अतीया आला, घर बघितलं, बाल्कनीत उभा राहिला. "इथून माझी बोट दिसते," एवढंच बोलला आणि खूश झाला. सौदा ठरला. मग चौघंजण बसले, तळवे वर केले, पुटपुटत कुराणातली फातिहा वाचली आणि हात चेहऱ्यावरून फिरवले. झालं, शब्द पक्का झाला. कागद नंतर होतोच. 'झाडू' नावाचं वादळ यायच्या आत अतीयाला बोटी घेऊन एक शेवटची फेरी मारायची होती. ते वादळ दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी समुद्र झाडून काढतं, आणि मग बोटी बसून राहतात. "परत आलो की कागद करू," तो म्हणाला. "फातिहा वाचली, आता कागदाची घाई कुणाला?" त्या रात्री फिक्रीला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

आणि मग एहाबचा फोन आला.

एहाब त्यांचा एकुलता एक मुलगा. कैरोत एका कंपनीत हिशेबनीस. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. आईबापाची काळजी करायचा, औषधांचे पैसे पाठवायचा. पण कैरोत राहून त्याला वाटायला लागलं होतं की इजिप्त म्हणजे कैरो आणि बाकी सगळी कैरोची पायरी.

"बाबा, काय केलंत हे? एवढ्याला दिलंत? टीव्ही बघता की नाही? देशभर भाव दुप्पट झालेत!"

"देशभर म्हणजे कुठे रे?" फिक्रीनं विचारलं.

"देशभर म्हणजे देशभर! माझ्या साहेबानं गेल्या वर्षी घेतलेलं घर आज तिप्पट झालंय. पेपरात आलंय, टीव्हीवर आलंय. आणि तुम्ही तो मासेवाला म्हणतो त्या भावात देऊन मोकळे! तुम्हाला लुबाडलं हो त्यानं."

"अरे, पण तुझ्या साहेबाच्या घराचा आणि आपल्या घराचा काय संबंध? इथे कोण घेतंय?"

"बाबा, तुम्हाला इंजिन कळतं. हे तुम्हाला कळत नाही."

हे वाक्य लागलं. म्हाताऱ्या माणसाला मरणाची भीती वाटत नाही एवढी या वाक्याची वाटते. आज घराच्या भावातलं कळत नाही म्हणतात, उद्या औषध कुठलं घ्यायचं ते कळत नाही म्हणतील, परवा बोललेलंच ऐकणार नाहीत. फिक्री हळूच म्हणाला, "फातिहा वाचलीय, एहाब."

"फातिहा म्हणजे काय करार आहे का? सही कुठाय? तुम्ही फक्त सांगा की बाजार बदललाय. त्यात वाईट काय? सगळे तेच करतायत."

इन्शिराह शेजारी बसून ऐकत होती. तिचंही मन चाळवलं होतं, नाही असं नाही. "पोरगा काय आपल्या वाईटावर आहे का?" ती नंतर म्हणाली. "थोडे जास्त आले तर दौलतचं घर घेऊन वर नातवंडांच्या हातावर काही ठेवता येईल. अतीयाला काय कमी आहे? तो देईल."

फिक्रीला आतून माहीत होतं की तो देणार नाही. देऊ शकत नाही असं नाही, देणार नाही. पण तो थकला होता. मुलाशी वाद घालायचा तर आवाज चढवावा लागतो, आणि आवाज चढवला की छातीत कळ यायची. 'करा काय करायचं ते,' असं तो म्हणाला नाही, पण नुसता टीव्हीकडे तोंड करून बसला, आणि घरात त्याचा अर्थ तोच धरला गेला.

बोराईला बोलावून निरोप दिला: भाव वाढलाय. बोराईसारखा बोराई, पण तोही चपापला. "काका, फातिहानंतर?" त्यानं दोनदा विचारलं. "मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो, पण हे माझ्याच्यानं सांगवणार नाही हो." तरी शेवटी त्यानं जाऊन सांगितलं, कारण दुसरं कोण सांगणार?

अतीया समुद्रावरून आला तो तडक पाच मजले चढून वर आला. अंगावर अजून माशांचा वास. चिडलेला नव्हता, आणि तेच फिक्रीला जड गेलं. चिडला असता तर बरं झालं असतं, भांडण झालं असतं, भांडणातून वाट निघते. तो समोर बसला आणि म्हणाला, "काका, बोराईचं मी खरं धरत नाही. तुमच्या तोंडून ऐकायला आलोय."

इन्शिराहनं चहा आणून ठेवला. त्याच वेळी एहाबचा फोन आला आणि फिक्रीनं सुटका झाल्यासारखा तो मोठ्या आवाजावर लावून मध्ये ठेवला. एहाबनं सगळं नीट समजावून सांगितलं. महागाई, घसरता पाऊंड, वाळवंटात उभी राहणारी नवी राजधानी, कुठल्या वस्तीत काय भाव गेला. हुशार होता पोरगा, आकडे तोंडपाठ.

अतीयानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फोनकडे बघत म्हणाला, "एहाबबेटा, तू म्हणतोस ते सगळं खरं असेल. पण तिथे वाळवंटात मी बोट कुठे बांधू? कारंज्यात?"



"काका," तो फिक्रीकडे वळला, "माझ्या बापाची बोट भर वादळात बंद पडली होती तेव्हा तुम्ही दुसऱ्या बोटीतून जाऊन ती चालू केलीत. फातिहाच्या आधी तुम्ही म्हणाला असतात, 'अतीया, थोडं वाढव,' तर मी एक शब्द न बोलता वाढवलं असतं. आता नाही. आता तुम्ही फुकट दिलंत तरी नको. फातिहा मोडलेल्या घरात उद्या सून आजारी पडली, तर मी काय समजायचं?"

फिक्रीला म्हणायचं होतं की चुकलं माझं, जुन्या भावात घे, हे काय घेऊन बसलास. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मधे फोन होता आणि फोनमध्ये मुलगा ऐकत होता, आणि मुलासमोर बापाला ते म्हणता येईना. अतीया उठला. चहाला त्यानं हातही लावला नव्हता. इन्शिराह तो पेला उचलून आत गेली आणि मोरीवर उभी राहून रडली.

त्यानंतर घर बघायला कुणी फिरकलं नाही. रशीद केवढंसं गाव! बाजारात, मशिदीत, न्हाव्याच्या दुकानात सगळीकडे कळलं की फिक्रीच्या घराची फातिहा मोडली. आणि घरं घेतात कोण? लग्नाचे घेतात. पहिल्या संसाराला असलं घर कोण घेईल? त्यात हिवाळा आला. एकामागून एक वादळं लागली, बोटी बंदरात डुलत बसल्या. बोटी बसल्या की रशीदमध्ये पैसा बसतो. मासळी नाही तर बर्फवाला नाही, जाळीवाला नाही, सुतार नाही. घर कुठून घेणार लोक? इकडे टीव्हीवरचा माणूस मात्र घसा बसेपर्यंत ओरडत होता.

एकदा बोराई कैरोच्या एका गृहस्थाला घेऊन आला. त्यांना म्हणे उन्हाळ्यात नाईलकाठी राहायचं होतं. गृहस्थ दुसऱ्या मजल्यावरच घामाघूम झाले. वर येऊन त्यांनी विचारलं, लिफ्ट कुठे बसवता येईल, गाडी कुठे लावायची आणि खालचा माशांचा वास किती दिवस असतो.

"वर्षाचे बारा महिने," फिक्रीनं सांगितलं.

बोराईनं कपाळाला हात लावला. "काका, निदान दहा म्हणायचं होतं!"

आणि मग एके दुपारी दौलत वर आली. जिन्यावरच बसून तिनं आधी श्वास घेतला आणि मग आत आली ती डोळे पुसतच. "फिक्रीभाऊ, मला माफ करा. मी खूप थांबले. मुलीनं आता शेवटचं सांगितलंय. काल मी शब्द देऊन बसले."

"कुणाला?" इन्शिराहनं विचारलं.

नाव सांगायची गरजच नव्हती. त्या गल्लीत घर शोधणारा माणूस एकच होता. आणि त्या मुलीच्या आईला तर आता हाक मारायला आणखी सोपं, बरोबर खिडकीच्या खालीच.

"अल्ला बरकत देवो," फिक्री म्हणाला. मनापासून म्हणाला की नाही ते त्यालाच ठाऊक. दौलत गेल्यावर तो इन्शिराहला म्हणाला, "टीव्ही बंद कर गं. डोकं उठलं." ती रिमोट शोधत होती, तेवढ्यात त्यानं रागानं टीव्हीवर उशी फेकून मारली, आणि मग दोघंही ती उशी पडली तिकडे बघत बसली.

वसंतात नवरीचं सामान आलं. रशीदमध्ये तो दिवस म्हणजे लग्नाइतकाच मोठा. गाड्या भरभरून कपाटं, पलंग, गाद्या, फ्रिज, पडदे. पुढे ढोल, बायकांच्या आरोळ्या, पोरांचा गोंधळ. फिक्री बाल्कनीत बसून बघत होता. त्याच्या मनात कडू नव्हतं असं म्हणता येणार नाही. त्याला दौलतचं ते अंगण दिसत होतं आणि त्यात कुणीतरी कपाटाचं दार उभं करून ठेवलं होतं.

दार वाजलं. अतीया आणि मागे ते चार हमाल, ज्यांनी सकाळपासून कपाटं वाहिली होती. त्यांच्या हातात अतीयाच्या घरची हाताची लाकडी खुर्ची.

"काका, आज गल्लीतलं कुणी घरात बसायचं नाही. चला, बसा यात."

"अरे, मी काय फ्रिज आहे का?"

"फ्रिज वजनाला जास्त होता," एक हमाल म्हणाला. "तुम्ही तर कोपऱ्यातलं टेबल."

फिक्री हसला आणि त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तो उगीच इन्शिराहला ओरडला की माझी टोपी कुठे टाकलीस.

त्याला खाली नेलं. तळमजल्यावरच्या नव्या घराच्या उंबऱ्यात, अंगणात ऊन होतं तिथे, त्याची खुर्ची ठेवली. अख्खी दुपार तो तिथे बसला. कोण कोण आलं! कॉफीहाऊसवाला स्वतःच्या हातानं कॉफी घेऊन आला. बंदरातले जुने लोक येऊन बसले, कुठल्या बोटीचं इंजिन कसं खोकतंय ते सांगू लागले. कुणी फातिहाचं नाव काढलं नाही. इन्शिराहनं मोठ्या परातीतला मासळीचा भात त्याच्या पुढ्यात ठेवला आणि तो पोटभर जेवला, तेही कितीतरी दिवसांनी. एक मांजर त्याच्या पायापाशी येऊन बसलं. त्यानं पाय चपलेतून काढून जमिनीवर टेकवले. गार होती जमीन. अतीयानं येऊन विचारलं, काही हवंय का काका? त्यानं मानेनंच नाही म्हटलं. हवं होतं ते सगळं तिथेच होतं, आणि ते दुसऱ्याचं होतं.

उन्हं उतरताना एहाबचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "बाबा, आजच्या बातम्या ऐकल्यात? परत वाढले! मी म्हणत होतो ना, थांबा म्हणून! आपलं घर आता कुठल्या कुठे गेलंय. सोन्यावर बसलायत तुम्ही."

"किती झालं असेल रे?" फिक्रीनं शांतपणे विचारलं.

एहाबनं आकडा सांगितला.

"मग तू घे."

"काय?"

"तू घे की एहाब. एवढं नको देऊस. अतीया देत होता तेवढंच दे. त्याच्याही निम्मं दे, जमेल तसं दे, हप्त्यानं दे. कागद उद्याच करू. मला इथे खाली कुठे तरी एक खोली घेऊन दे, भाड्याची चालेल. मला खाली राहायचंय रे. वर माझा जीव गुदमरतो."

एहाब म्हणाला, चिडून नाही, अगदी साध्या, गोंधळलेल्या आवाजात, "पण बाबा, मी ते घेऊन काय करू? रशीदमध्ये कोण राहणार आहे?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच उमगलं असावं. "बाबा?" तो म्हणाला. "बाबा, ऐकताय ना?"

फिक्रीनं फोन इन्शिराहच्या हातात दिला. हमाल मागे येऊन उभे राहिले होते. त्यांचंही जेवण झालं होतं, दिवसभर ओझी वाहून दमले होते आणि त्यांना आपापल्या घरी जायचं होतं.

"न्यायचं ना काका वर?" त्यातल्या एकानं विचारलं.

"न्या," फिक्री म्हणाला आणि त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले.